तोंडपाठ येणारा मुलगा आणि निवृत्त बाई : कोल्हापुरातलं एक प्रकरण

२०२२ च्या जुलैत एका संध्याकाळी, पाऊस धरलेला असताना, एक आई आपल्या चौथीतल्या मुलाला घेऊन बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंना शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ही आई बाईंच्याच चाळीत दोन घरी धुणं-भांडी करायची. छत्री दाराशी टेकवून ती म्हणाली, "बाई, सगळ्या कविता म्हणतोय की ओ ह्यो. आणि परीक्षेत भोपळा. काय करू सांगा."

त्या वेळी मी तिथेच होते. बाईंच्या हाताखाली मी पालिकेच्या शाळेत सात वर्षं काढली, पुढे काही शाळांवर देखरेख करणारी केंद्रप्रमुख झाले, आणि त्याही नंतर दर आठवड्याला त्यांच्याकडे चहाला जात राहिले. पुढच्या दोन वर्षांत त्या मुलाच्या निमित्ताने जे घडलं ते मी जवळून पाहिलं आणि बरंचसं टिपून ठेवलं. शिक्षक मित्रमैत्रिणींना त्याचा उपयोग होईल असं वाटतं म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुलाचं, बाईंचं, चर्चच्या मंडळीचं, तालमीचं, कुणाचंच नाव मुद्दाम दिलेलं नाही.

बाईंनी मुलाला शेजारी बसवलं, पाठ्यपुस्तक उघडून दिलं आणि म्हणाल्या, "वाच बघू." तो घडाघडा वाचायला लागला. ओळीखालून बोट फिरत होतं, विरामाला आवाज खाली येत होता. आई कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मीही फसले, हे कबूल करते. बाई मात्र त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर बोटावर होती. आवाज तिसऱ्या ओळीत पोचला तरी बोट दुसऱ्या ओळीच्या मध्यावर रेंगाळत होतं.

त्यांनी उठून कपाटातून एक जुनं पोस्टकार्ड आणलं, कात्रीने त्यात एका शब्दाएवढी खिडकी कापली आणि पानावर ठेवलं. खिडकीत 'विहीर' हा शब्द दिसत होता. "हा कोणता?" मुलाने वर पंख्याकडे पाहिलं आणि ओठातल्या ओठात धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. 'विहीर' येईपर्यंत तो म्हणत गेला, मग थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "विहीर!" बाईंनी मान डोलावली. मग तोच शब्द पाटीवर लिहून पुढे धरला. आता मागे धडा नव्हता. मुलगा गप्प. त्याचा कान लाल झालेला मला अजून आठवतो.

बाई त्याला एवढंच म्हणाल्या, "पाठांतर फार छान आहे तुझं. उद्यापासून येत जा."

मुलगा इथवर आला कसा

हा मुलगा जून २०१९ मध्ये पहिलीत गेला. घर शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मुलाचं दप्तर, पाटी, पुस्तकं सगळं चिखलात गेलं. कुटुंब आधी शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात आणि मग मामाकडे राहिलं. मूळाक्षरं संपून स्वरचिन्हं सुरू व्हायची नेमकी वेळ तीच होती, आणि ती हातची गेली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या. दुसरी आणि तिसरीचा बराचसा भाग मोबाइलवर झाला. घरात मोबाइल एकच, तो उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या वडिलांच्या खिशात. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर. शाळा अडखळत उघडली, राहिलेलं भरून काढायचा सेतू अभ्यासक्रम आला आणि गेला. तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत, त्यामुळे पोरगा वर वर सरकत चौथीत पोचला.

या सगळ्यात त्याने आपली वाट शोधली, कानाची. वर्गात कुणी एकाने वाचलं की दोनदा ऐकून त्याचं पाठ व्हायचं. त्याच्या शिक्षिकेला मी दोष देणार नाही. तिच्या वर्गात पटावर चाळीसच्या वर मुलं होती, आणि समूहवाचनात याचा आवाज सगळ्यात खणखणीत असायचा.

माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की अध्ययन अक्षमता असेल, तपासणीला पाठवा. बाईंनी आधी त्याचे डोळे तपासून घेतले, ते ठीक निघाले. तपासणीला त्यांचा विरोध नव्हता, पण त्या म्हणाल्या, "ज्याला शिकवलंच गेलेलं नाही, त्याला शिकता येत नाही असं कसं म्हणायचं? सहा महिने दे मला. मग बघू." मला हे पटलं, आजही पटतं. खरोखरची अडचण असलेली मुलं असतातच, आणि त्यांची वेळेवर तपासणी झालीच पाहिजे. पण तीन वर्षांचा खड्डा पडलेल्या प्रत्येक पोराच्या कपाळावर चिठ्ठी लावायची घाई करू नये.

बाई

बाईंची ओळख इथे द्यायला हवी, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या स्वभावाशिवाय कळणार नाही.

बाई मराठी ख्रिस्ती घरातल्या. वडील मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. आजी मिशनच्या बोर्डिंगमध्ये अक्षरओळख झालेली, घराण्यातली पहिली वाचती बाई. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी पाळक रेव्हरंड वायल्डर १८५२ साली आले आणि त्यांनी प्रवचनाबरोबर शाळाही काढल्या. शास्त्र, म्हणजे बायबल, ज्याचं त्याने स्वतः वाचावं अशी प्रोटेस्टंट शिकवण असल्याने चर्च उभं राहिलं की शेजारी शाळा यायचीच. दुसऱ्या बाजूने याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. बाई म्हणायच्या, "माझ्या आजीला पाळकांनी शिकवलं आणि आजोबांना महाराजांनी. मी दोघांचंही देणं लागते."

हे त्या भाषणात म्हणायच्या नाहीत. खडूचा डबा घरून आणायच्या तेव्हा, किंवा सुट्टीच्या दिवशी पट शोधायला गल्ल्या तुडवायच्या तेव्हा, सहज बोलून जायच्या. तेहतीस वर्षं नोकरी केली, सगळी पालिकेच्या शाळांत आणि बहुतेक काळ पहिली-दुसरीवर. बढतीची संधी आली ती नाकारली. चौथीच्या मुलांना दरवर्षी टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात न्यायच्या. तिथे कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती दाखवून विचारायच्या, "हा एवढ्या लांबून आपल्या गावात कसा आला असेल?" पोरं तासभर भांडायची.

रविवारी सकाळी मात्र बाई चर्चमध्ये. शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, मुलांना घ्यायच्या, महिला मंडळाचा हिशोब ठेवायच्या, उपासनेत दुसऱ्या बाकावर बसून गायच्या. नाताळात त्यांच्याकडून करंज्या आणि चकल्यांचा डबा शाळेत आला नाही असं वर्ष मला आठवत नाही. दिवाळीत तेवढेच डबे उलट त्यांच्या घरी जायचे. मंडळीत त्यांना 'टीचरबाई' म्हणत, चाळीत 'मावशी' आणि बाकी सगळ्या गावात नुसतं 'बाई'.

सहा आठवडे वाया

बाईंची चूकही लिहिली पाहिजे. त्यांनीच मला ती लिहायला लावली असती.

त्यांनी मुलाला पहिल्या दिवसापासून बाराखडीवर घेतलं. क का कि की, तालासुरात, तेहतीस वर्षं घेतलं तसंच. मुलगा आठवड्यात पूर्ण बाराखडी म्हणायला लागला. दुसऱ्या आठवड्यात उलटी. त्याचं ऐकून चाळीतली आणखी चार-पाच मुलं येऊन बसायला लागली. खोली दणाणून जायची. सहा आठवड्यांनी बाईंनी पाटीवर 'किती' लिहिलं. मुलगा म्हणाला, "इकती."

त्यांनी पाटी खाली ठेवली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. पोरं गेल्यावर मला म्हणाल्या, "अगं, मी याला आणखी एक कविता पाठ करून दिली. बाराखडी नावाची."

तो 'इकती' का म्हणाला हे नीट बघण्यासारखं आहे. मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. मुलगा डोळ्याशी इमानदार होता, जे आधी दिसलं ते त्याने आधी म्हटलं. म्हणजे पहिल्यांदाच तो खरोखर वाचत होता आणि त्यातून ही चूक झाली होती. बाईंना त्या चुकीचा आनंद झाला. त्याच वेळी, असे किती 'किती' आपल्या वर्गांच्या कोरसमध्ये बुडून गेले असतील, या विचाराने त्या रात्रभर जाग्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, तेव्हा त्यांनी एका मुलीची आठवण सांगितली. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलगी, पुढे बाजारात भाजी विकायला बसली, आणि हिशोबाची वही वाचून घ्यायला बाईंकडेच यायची. "ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून सगळं म्हणायची गं."

पोस्टकार्ड चर्चमध्ये जातं

बाईंच्या डोक्यातून हे जाईना. पुढच्या रविवारी शब्बाथशाळेत मुलांनी सुवर्णवचन म्हणून दाखवलं. दर आठवड्याला एक वचन पाठ करायचं, न चुकता म्हणणाऱ्याला चित्राचं कार्ड मिळायचं. बाईंनी पर्समधून पोस्टकार्ड काढलं, शास्त्राच्या पानावर ठेवलं आणि एकेकाला जवळ बोलावून एकेक शब्द विचारला. बहुतेकांना आले. तिघांना आले नाहीत. त्यातली एक मुलगी सबंध वर्षाचं बक्षीस घेऊन गेलेली.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "आम्ही देवाचं वचन पाठ करून घेतो आणि मूल ते वाचू शकतं का, हे बघत नाही. माझ्या आजीला हे सांगायची लाज वाटेल मला."

आणि मग त्यांना दुसरं काही दिसायला लागलं. त्यांच्याच बाकावर बसणाऱ्या एक सत्तरीच्या पुढच्या आजी होत्या. गेली कित्येक वर्षं त्या गीतांचं पुस्तक दोन्ही हातांत उघडून धरून सगळ्या कडव्यांसकट गायच्या. पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला की आजीही पानं उलटायच्या. त्या रविवारी बाईंनी सहज शेजारी पाहिलं. गीत चालू होतं शंभराच्या पुढचं, आजींचं पुस्तक उघडं होतं तिसाव्या पानावर.

इतकी वर्षं शेजारी बसून हे आपल्या लक्षात आलं नाही, याचं बाईंना फार वाईट वाटलं. पण त्यांनी आजींना अवाक्षरही विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून एवढंच केलं: स्वतःचं पुस्तक चष्म्याचं निमित्त करून दोघींच्या मध्ये धरायला लागल्या, आणि गाताना शब्दाखालून हळू बोट फिरवायला लागल्या. आजी पहिल्यांदा अवघडल्या. चौथ्या-पाचव्या रविवारी त्यांची नजर बोटाबरोबर चालायला लागली. शब्द त्यांना आधीच येत होते, ते दिसतात कसे एवढंच कळायचं बाकी होतं.

वाचन शिकवण्याची बाईंची पुढची सगळी रीत इथून निघाली असं माझं मत आहे. जे कानाला पाठ आहे ते फेकून द्यायचं नाही, त्याच्यावर बोट ठेवून ते डोळ्याला दाखवायचं. मुलाला येत असलेल्या कविताच त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिल्या, ओळी कापल्या, ओळींचे शब्द कापले आणि त्याला पुन्हा जुळवायला दिल्या. कविता पाठ असल्याने पुढचा शब्द कोणता हे त्याला ठाऊक होतं. तो शोधायचा तर अक्षराकडे बघावंच लागे. एकदा त्याने 'पाणी' आणि 'पानी' अशा दोन चिठ्ठ्या समोर ठेवून विचारलं, "यातली खरी कोणती?" दुसरी चिठ्ठी बाईंनी मुद्दाम घातली होती. घरात तो 'पानी'च म्हणायचा. बाई म्हणाल्या, "घरात म्हणतोस तीही खरी. पुस्तकात लिहितात ती ही." त्याला घरच्या बोलीची लाज वाटू दिली नाही, हे मला त्या दिवशी फार मोठं वाटलं.

मग गल्लीतल्या पाट्या आल्या. केएमटीच्या बसवरचा 'गंगावेश', दुकानावरचा 'भडंग', 'गूळ'. 'गूळ' त्याला लवकर आला, कारण ळ त्याचा लाडका होता. घ आणि ध, भ आणि म यांत मात्र फार दिवस गल्लत व्हायची. चाक आणि चहा यांतला च दोन तऱ्हांनी का म्हणायचा, आणि लिहायचा मात्र एकच का, असं त्याने विचारलं तेव्हा बाईंनी त्याला 'जग' लिहून दिलं. "हे जग म्हणजे दुनिया. आणि हेच जग म्हणजे जिवंत राहा. कोणतं ते शेजारचा शब्द सांगतो." अक्षराला अर्थाचा आधार लागतो, हे नऊ वर्षांच्या पोराला याहून सोपं करून सांगता येईल असं मला वाटत नाही.

जागेचा प्रश्न

गणपतीनंतर मुलं अकरा झाली आणि बाईंची खोली पुरेना. मंडळीचा एक हॉल संध्याकाळी रिकामा असायचा. पाळकसाहेबांनी आनंदाने किल्ली दिली. पंधरा दिवस वर्ग तिथे भरला.

सोळाव्या दिवशी चारच मुलं आली. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती की बाई पोरांना चर्चमध्ये बसवतात, उद्या काय करतील कुणास ठाऊक. कुणी तरी एका बापाला मोबाइलवर काहीबाही दाखवलं होतं. त्याच आठवड्यात दुसरीकडूनही तिढा पडला. मंडळीतले एक वडीलधारे सभासद बाईंना म्हणाले, "टीचरबाई, हॉल आपला, वीज आपली. सुरुवातीला एक छोटी प्रार्थना तरी घ्या."

मी चिडले होते. ज्या बाईने तेहतीस वर्षांत एका मुलाला धर्मावरून वेगळं वागवलं नाही, तिच्यावर संशय घ्यावा याचा मला संताप आला होता. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आई-बापाने विचारायलाच पाहिजे आपलं मूल कुठं बसतं ते. न विचारणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते." सभासदांना त्यांनी सांगितलं, "प्रार्थना मी पहाटे पाचला करते, त्यात या अकराही पोरांची नावं असतात. संध्याकाळची वेळ वाचनाची आहे. मुलं ज्यासाठी आली आहेत ते सोडून दुसरं काही मी त्यांच्या हातात ठेवलं, तर ती लबाडी होईल." त्या सभासदांना हे लागलं, महिनाभर ते बाईंशी बोलले नाहीत. मंडळीतलं हे दुखणं बाईंना गल्लीतल्या कुजबुजीपेक्षा जड गेलं, हे मला माहीत आहे. ते घर त्यांचं होतं.

मग त्या थेट तालमीत गेल्या. कोल्हापूरच्या पेठेत तालीम म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागेल. कुस्ती आहेच, पण गणपती, फुटबॉल, पुरात माणसं काढणं, कुणाच्या मयताला खांदा देणं, सगळं तिथून हलतं. माडीवर एक खोली होती. भिंतीला मारुतीची तसबीर, कपाटात ढाली, खालून लाल मातीचा आणि तेलाचा वास. बाईंनी सगळं खरं सांगितलं, हॉलचंही. तालमीचे वस्ताद त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील निघाले. ते म्हणाले, "खोली रिकामीच हाय की बाई. बसवा पोरं. कोण काय बोलतंय ते आमी बघतो."

"कुणाला काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "फक्त दार उघडं ठेवा. ज्याला बघायचंय त्याने येऊन बघावं."

दार उघडंच राहिलं. पहिल्या आठवड्यात तीन-चार बाप येऊन उंबऱ्यात उभे राहिले. एक तर तासभर बसला आणि जाताना आपल्या मुलीला घेऊन येतो म्हणाला. तो मोबाइलवाला बाप हाच. मंडळीतल्या एका बाईंनी विचारलंच, मारुतीच्या फोटोखाली बसता, चालतं का? बाई म्हणाल्या, "तसबिरीखाली बसल्याने उडून जावी एवढी माझी श्रद्धा हलकी नाही." नाताळात बाईंनी करंज्यांचा डबा तालमीत नेला. त्या बोलत नसलेल्या सभासदांनी तो उचलून माडीवर पोचवला.

काय साधलं, काय नाही

दिवाळीपर्यंत मुलगा काना, वेलांट्या आणि उकारांचे शब्द न अडखळता वाचू लागला. सुट्टीत मामाकडे गेला आणि अर्धं विसरून आला. नोव्हेंबर पुन्हा मागच्या कामात गेला. मार्चमध्ये त्याने चार ओळींचा न पाहिलेला परिच्छेद वाचला, सावकाश, प्रत्येक जोडाक्षरापाशी दम घेत. 'स्वयंपाक' हा शब्द त्याने तीन तुकड्यांत वाचला आणि मग एकदम जोडून म्हटला. त्याच्या पाठांतराचं काय झालं, असं मला बरेच जण विचारतात. ते थोडं कमी झालं. पूर्वीसारखं दोनदा ऐकून पाठ होत नाही. याचं मला जरा वाईट वाटतं, बाईंना वाटत नव्हतं. आता तो सातवीत आहे. वाचन मध्यम, गणित चांगलं, रफारावर अजून ठेच लागते.

आजींना गीतांचं पान स्वतः काढता यायला लागलं. क्रमांक ओळखून. त्यापुढे त्यांना शिकायचं नव्हतं आणि बाईंनी आग्रह धरला नाही. शब्बाथशाळेत सुवर्णवचनाचं कार्ड आता म्हणून दाखवणाऱ्याला नाही, वाचून दाखवणाऱ्याला मिळतं. ही गोष्ट मंडळीच्या कमिटीत मंजूर व्हायला वर्ष लागलं.

एक मुलगी हातातून निसटली. आई-वडील ऊसतोडीला येणारे, कारखान्याच्या हंगामात इथे आणि मग गावाकडे. ती उकारांपर्यंत आली होती. पावसाळ्याआधी टोळी परत गेली आणि पुढच्या हंगामात ते कुटुंब दुसऱ्या कारखान्यावर गेलं असं कळलं. बाईंनी दोनदा गाळपाच्या दिवसांत खोपटांमध्ये जाऊन चौकशी केली, पत्ता लागला नाही. या एका ठिकाणी कुणाची पद्धत, कुणाची श्रद्धा, काहीही पुरं पडलं नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या नोंदी या गावातून त्या गावात त्यांच्या मागे जाव्यात हे आम्ही केंद्रप्रमुख वर्षानुवर्षं बैठकीत बोलत आलो. ती मुलगी मात्र एका वहीत एका गावी थांबली.

२०२४ च्या पावसाळ्यात बाई गेल्या. आठवडाभराचं आजारपण, मग संपलंच. मंडळीने उपासना घेतली, तालमीची पोरं फाटकाबाहेर वाहनं लावून घ्यायला उभी होती. वर्ग आता दोन मुली चालवतात, एक डी.एड. झालेली आणि एक अजून बारावीत. वस्तादांनी खोलीला नवीन ट्यूबलाइट बसवली.

हजेरीची वही मी ठेवून घेतली आहे. साधी दोनशे पानी, वर बाईंच्या अक्षरात 'वाचन' एवढंच. शाळेत पट कमी करायची वेळ आली की आम्ही लाल शाईने रेघ मारून नाव काढायचो. या वहीत एकाही नावावर रेघ नाही. ऊसतोडीच्या त्या मुलीचं नाव दर महिन्याच्या नव्या पानावर पुन्हा लिहिलेलं आहे, सातव्या क्रमांकावर, पुढचे सगळे रकाने कोरे. बाई गेल्या त्या महिन्याच्या पानावरही ते आहे. पुढच्या महिन्याचं पान त्या बारावीतल्या मुलीने आखलं. तिने सातव्या क्रमांकावर बोट ठेवून मला विचारलं, हे नाव लिहू का. मी लिही म्हटलं.